गोळी फुकट, रोज बुडीत

नागपूरच्या पूर्वेला, जगनाडे चौकाच्या अलीकडे-पलीकडे नंदनवन पसरलंय. एका बाजूला लेआउटमधली दुमजली घरं, दुसऱ्या बाजूला नंदनवन झोपडपट्टीच्या गल्ल्या. आयसीएमआर-इंडियाबची देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार भारतात मधुमेहाचे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत आणि प्रौढांपैकी 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. श्रीमंतांचे म्हणून ओळखले जाणारे हे आजार आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहतात. ते सांभाळण्याची सोय मात्र अजून एकाच बाजूला धरून आखलेली दिसते.

पुढचा संवाद रचलेला आहे. त्यात एक निवृत्त सरकारी डॉक्टर आहेत आणि त्यांच्या घराची भिंत दुरुस्त करायला आलेला एक मिस्त्री. दवाखान्यात हे दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून तीन मिनिटं बोलले असते. इथे रोज देणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, काम त्यांचं आहे आणि जेवणाची सुट्टी चांगली तासाभराची आहे.

डॉक्टरबाई : मिस्त्री, परांचीवरून उतरताना आज दोनदा भिंत धरलीत. बीपीची गोळी चालू आहे ना?

मिस्त्री : आहे ना, मॅडम. म्हणजे दिवाळीपर्यंत होती. मंग बरं वाटून राहिलं होतं, तर सोडली.

डॉक्टरबाई : बरं वाटत होतं ते गोळीमुळेच. ताप उतरला की गोळी थांबवतो तसं बीपीचं नसतं. बसा इथे. मशीन आणते.

मिस्त्री : लगेच घ्या, मॅडम. माल कालवून ठेवला आहे, सुकून जाईन.

डॉक्टरबाई : लगेच घेतलं तर आकडा खोटा येतो. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. आणि तो खर्रा आधी थुंका. खरं तर तंबाखू खाल्ल्यावर अर्धा तास तरी थांबायला हवं, पण आज अंदाज घेऊ.

(पाच मिनिटांनी 168/104 आकडा येतो. दुसऱ्यांदा घेतल्यावर 164/102.)

डॉक्टरबाई : 140/90 च्या वर गेलं की आम्ही काळजी करतो. तुमचं कुठे आहे बघा. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गावांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली. 2015 साली ते छापून आलं. तिथे सगळ्यांत जास्त माणसं लकव्याने गेली होती, सातातला एक. आणि त्यातले बहुतेक घरीच गेले, दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. बीपी दुखत नाही, खुपत नाही. एके सकाळी हात उचलायला जाता आणि उचलत नाही.

मिस्त्री : लकवा मले शिकवू नका, मॅडम. माहा बाप तसाच गेला. समजते मले सगळं. पण समजलं म्हणून गोळी घेतल्या जात नाही.

डॉक्टरबाई : का नाही? महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. जगात कितीतरी ठिकाणी त्या विकत घ्याव्या लागतात. इथे हात पुढे करायचा, तेवढंही माणसं करत नाहीत. चाळीस वर्षं पाहिलंय मी. लग्नाला सुट्टी आहे, गणपतीला आहे, मॅचला आहे. फक्त दवाखान्याला नाही.

मिस्त्री : आता माहं ऐका. सकाळी आठच्या आत ठिय्यावर उभं राहावं लागते. ठेकेदार येते, घरवाले येतात, साडेनऊपर्यंत जे निवडल्या जाते ते जाते. जो उरला तो डब्बा घेऊन घरी. आता तुमचा दवाखाना कधी उघडते? तेव्हाच. तिथं आधी चिठ्ठीची लाइन, मंग डॉक्टरची, मंग रक्ताची, मंग औषधाच्या खिडकीची. रिपोर्ट उद्या. म्हणजे फुकटच्या गोळीचे दोन रोज गेले. गोळीले पैसे नाही लागत, मॅडम. गोळीपर्यंत जाले लागतात.

डॉक्टरबाई : सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी जा. 'आपला दवाखाना' योजना राज्यभर 1 मे 2023 ला सुरू झाली ती याचसाठी. दुपारी 2 ते रात्री 10 ही वेळ मजुरांकडे बघूनच ठरवलेली आहे.

मिस्त्री : ते मले कोणी सांगितलंच नाही.

डॉक्टरबाई : मोबाइलवर सगळ्या जगाचं कळतं तुम्हाला, हे नाही कळत?

मिस्त्री : बरं, हे माह्यावर. संध्याकाळी जाता येते, मी गेलो नाही. लिहून घ्या.

डॉक्टरबाई : आणखी एक लिहून घेते. दिवसाला खर्रे किती?

मिस्त्री : चार. कधी पाच.

डॉक्टरबाई : महिन्याचा हिशेब करा. तेवढ्यात गोळ्या विकत घेऊनही पैसे उरतील. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरायचं. सरकारने 2012 साली गुटखा बंद केला, पण नागपूरचा खर्रा चौकाचौकात घोटला जातोच आहे. त्याने तोंड जातं ते वेगळंच, वर बीपीही चढतं. यात कुठल्या दवाखान्याची लाइन आडवी आली?

मिस्त्री : खर्रा शौकाचा नाही राहिला आता. सकाळी सातले दोन पोळ्या खातो, जेवण दीड-दोनले. मधात उन्हात परांचीवर. खर्रा भूक मारते, झोप मारते. तोंडात असला की हात चालते.

डॉक्टरबाई : म्हणजे खर्रा ठेकेदाराच्या फायद्याचा. चहा-नाश्त्याच्या सुट्टीचे पैसे त्याचे वाचतात आणि खर्रा तुम्ही आपल्या खिशातून घेता.

मिस्त्री : हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाई : विचार करा मग. हे कोणी तुमच्यासाठी सोडणार नाही.

मिस्त्री : करतो. पण आता माह्या सवालाचं उत्तर द्या. मागे आशाताई फॉर्म घेऊन आली होती. वय विचारलं, तंबाखू विचारली, फित्यानं कंबर मोजली, घरात कोणाले शुगर-बीपी आहे का विचारलं. मंग विचारते, आठवड्याले 150 मिनिटं व्यायाम करता का? गल्लीतले सगळे हसले. दिवसभर घमेले चढवतो मी! पोट नाही, चरबी नाही. तरी शुगर निघाली. शुगर तर गादीवर बसणाऱ्याची बिमारी. मले काहून?

डॉक्टरबाई : हसण्यासारखाच प्रश्न वाटला असेल, पण मजुरीची मेहनतही त्यात धरायची असते. ते तिने समजावून सांगायला हवं होतं. आणि बारीक माणसाला शुगर का होते याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे सारखे, दोघांचा बीएमआय 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपली माणसं बाहेरून बारीक दिसतात, चरबी आत असते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं पाहिली. आईच्या पोटात असताना कमी मिळालं की शरीर चरबी साठवायला शिकतं. तुमची शुगर तुमच्या खाण्यातून आलीच असं नाही. तुमच्या आईला त्या वेळी काय खायला मिळालं, त्यातूनही आली असेल.

मिस्त्री : मॅडम, मी पोटात होतो तेव्हा दुष्काळ होता. ज्वारीची अंबाडी घातलेली आंबील खाऊन राहिली म्हणे माय. म्हणजे तेव्हाचं कर्ज आता फेडून राहिलो.

डॉक्टरबाई : कर्ज कोणाचंही असो, हप्ते तुमच्याच नावावर आहेत. शुगरची कोणती गोळी देतात? बघू पाकीट.

(मिस्त्री डब्याच्या पिशवीतून पट्टी काढतो. कात्रीने तुकडा करून दिलेली आहे. नावाचा भाग दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला गेलेला, उरलीयत '…पिराइड 2' एवढी अक्षरं.)

मिस्त्री : सकाळची ही छोटी. मोठी पांढरी दोनदा. ते संपली.

डॉक्टरबाई : ही ग्लिमेपिराइड. मोठी मेटफॉर्मिन असणार. ही छोटी घेतली की वेळेवर जेवावं लागतं, हे सांगितलं होतं का कोणी?

मिस्त्री : जेवणाआधी घ्या म्हणले. पण काम लागेपर्यंत जेवणाचा भरोसा नसते. एका दिवशी दुसऱ्या मजल्यावर प्लास्टर करून राहिलो होतो. दीड वाजला होता, डब्बा खाली. एकदम घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यासमोर अंधारी. बांबूले मिठी मारून बसलो. हेल्परनं चहात चार चमचे साखर टाकून दिली, तेव्हा उतरलो. त्या दिवशी गोळी सोडली. छोटीही अन् बीपीचीही. कोणत्या गोळीनं चक्कर आली हे काय माहीत?

डॉक्टरबाई : थांबा. मघाशी तर म्हणालात, बरं वाटलं म्हणून सोडली?

मिस्त्री : तसं म्हटलं की डॉक्टर कमी रागावतात. गोळीनं तरास झाला म्हटलं तर म्हणतात, तुम्हीच बरोबर घेतली नसंन.

डॉक्टरबाई : शुगर उतरली होती तुमची. त्या हेल्परने तुम्हाला वाचवलं. पण मिस्त्री, यावर उपाय आहे. ही गोळी बदलता येते. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर शुगर अशी सहसा उतरत नाही. कधी जेवायचं याचा भरवसा नसलेल्या माणसाला कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरला ठरवता येतं. फक्त हे सांगायला हवं होतं.

मिस्त्री : तीन मिनिटांत काय काय सांगू?

डॉक्टरबाई : एवढंच सांगायचं की मी परांचीवर काम करतो.

मिस्त्री : अन् डॉक्टरनं एवढंच विचारायचं की तू काम काय करते.

डॉक्टरबाई : हे खरं. केसपेपरवर वय असतं, वजन असतं. धंदा लिहायलाही जागा असते, पण ती कोरीच राहते. बाकी काय त्रास झाला तेही सांगा.

मिस्त्री : मोठ्या पांढऱ्यानं पोट बिघडते. साइटवर संडास कुठं असते? माणूस कसातरी भागवते, सोबतच्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. आमच्यातल्या एकीले बीपीसाठी लघवीची गोळी दिली. तिनं दोन दिवस घेतली अन् फेकली. मले दिलेल्या बीपीच्या गोळीनं पाय सुजले. संध्याकाळी बूट निघून नव्हता राहिला.

डॉक्टरबाई : मेटफॉर्मिन जेवणानंतर घ्यायची, कमी मात्रेने सुरू करायची, हळू सुटणारी मिळाली तर पोट कमी बिघडतं. पायाची सूज अम्लोडिपिनची असणार. तिची मात्रा कमी करून दुसरं औषध जोडता येतं. आणि पायाचं निघालंच आहे तर रोज रात्री तळवे बघता का? शुगरने पायाची जाण जाते आणि ओलं सिमेंट चामडी खातं. चटका बसला तरी कळत नाही. आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघायचा, बोटांच्या मधे बघायचं. त्याला ना पैसे लागतात ना सुट्टी.

मिस्त्री : हे जमते. हे माह्या घरचं काम आहे.

डॉक्टरबाई : संध्याकाळी अंग दुखतं तेव्हा काय घेता?

मिस्त्री : मेडिकल स्टोअरमधून गोळी. एक पिवळी अन् एक गुलाबी. रोज नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस. नाहीतर दुसऱ्या दिवशी हात वर नाही होत.

डॉक्टरबाई : हे सगळ्यांत वाईट. दुखणं मारणाऱ्या बऱ्याच गोळ्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. आधीच बीपी, आधीच शुगर, त्यावर हे. अशाने माणूस डायलिसिसपर्यंत जातो. मग आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं.

मिस्त्री : त्याचे पैसे?

डॉक्टरबाई : डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. आता त्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

मिस्त्री : म्हणजे पाहा. किडनी गेली की सरकार लाख-लाख रुपये भरते. अन् किडनी जाऊ नये म्हणून महिन्यातून एक दिवस दवाखान्यात गेलो, तर त्या दिवसाचा रोज कोणीच भरत नाही. जेव्हा पैसे वाचतात तेव्हा सरकार नाही, जेव्हा पैसे जळतात तेव्हा आहे. माह्यासारखा अडाणी ठेकेदारही असा हिशेब नाही करत.

डॉक्टरबाई : पूर्ण असं नाही. रोज देणारी योजनाही आहे, पण ती कामावर अवलंबून आहे. ईएसआय माहीत आहे ना?

मिस्त्री : माहा साळा बुटीबोरीले कंपनीत आहे, त्याले आहे. पगार कटते थोडा.

डॉक्टरबाई : महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. त्याला बीपी आणि तुम्हाला बीपी, दोघांचं रक्त एकसारखंच धावतं. पण त्याच्या आजारपणाचं खातं आहे आणि तुमचं नाही.

मिस्त्री : आमच्यासाठीही मंडळ आहे ना, बांधकामवाल्यांचं.

डॉक्टरबाई : आहे. 1996 च्या कायद्यातून ते आलं, बांधकामावर उपकर घेतात. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं.

मिस्त्री : तेच तर. माहं काम असं, एका घरी नऊ दिवस, दुसऱ्या घरी चार. 90 दिवसांचं लिहून कोण देते? तुम्ही द्याल?

डॉक्टरबाई : माझ्या घरी केलेल्या दिवसांचं देईन.

मिस्त्री : बारा दिवसांचं काम आहे तुमचं.

डॉक्टरबाई : बारा दिवसांचं देईन. पण मिस्त्री, सगळं योजनेवर टाकून मोकळं होता येत नाही. वर्धा, भंडारा हे तर आपले शेजारचेच जिल्हे. 2017 साली बीपी आटोक्यात आणण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रात आधी निवडलेल्या जिल्ह्यांत हे दोन होते. कल्पना साधी होती. औषधं तीन-चारच, पण ठरलेली. कुठल्या पायरीला कोणतं द्यायचं हेही आधीच ठरलेलं. महिनाभराच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रात मिळायच्या, आणि जो आला नाही त्याला फोन. एवढं सगळं केलं तरी गोळी तोंडात टाकायला सरकार येत नाही. ते रोज सकाळी तुमचंच काम.

मिस्त्री : ते मान्य. पण महिनाभराच्याच काहून? ज्याचं बीपी जागेवर आलं त्याले तीन महिन्यांच्या एकदम द्या ना. वर्षाचे बारा रोज बुडतात, त्याचे चार होतील.

डॉक्टरबाई : मग मधल्या तीन महिन्यांत त्याचं काय चाललंय ते कळणार कसं? गोळ्या हरवतात, भिजतात, दुसऱ्याला दिल्या जातात. डॉक्टरला माणूस दिसला पाहिजे.

मिस्त्री : डॉक्टरले माणूस तीन मिनिटं दिसते, अन् त्यात तो खोटं बोलते. आत्ताच पाहिलं ना तुम्ही.

डॉक्टरबाई : हं. खरं सांगायचं तर 2020 च्या टाळेबंदीत केंद्र सरकारनेच असे रुग्ण तीन महिन्यांच्या गोळ्या नेऊ शकतात असं सांगितलं होतं. म्हणजे ज्याचं स्थिर आहे त्याला देता येतात. ज्याचा आकडा वर आहे, त्याला मात्र मी बोलावणारच. तुम्हाला तर पंधरा दिवसांनीच.

मिस्त्री : मले बोलवा. पण टेस्ट अशी सांगा की दिवस नाही जाणार. उपाशीपोटी या, मंग खाऊन दोन तासांनी पुन्हा या, याच्यात आठचा ठिय्याही जाते अन् दुपारही जाते.

डॉक्टरबाई : त्याला पर्याय आहे. एचबीए1सी म्हणून तपासणी आहे, तीन महिन्यांची सरासरी सांगते. उपाशी राहायला नको, कुठल्याही वेळी रक्त देता येतं. सगळ्या छोट्या केंद्रांत ती नसते, पण जिथे असते तिथे रोजावर जगणाऱ्याला तीच आधी सांगायला हवी.

मिस्त्री : मॅडम, विचारलं की उत्तर निघते तुमच्याकडे. माह्या मायचंच घ्या. ते इन्सुलिनवर आहे. घरी फ्रीज नाही. दरवेळी डॉक्टर म्हणतात फ्रीज घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर. मी काय केलं? मातीच्या माठात थोडी रेती टाकली, वरून पाणी शिंपडतो, शिशी डब्बीत बंद करून त्याच्यात ठेवतो. चार वर्षं झाली, शुगर बरोबर आहे तिची.

डॉक्टरबाई : मीही आयुष्यभर 'फ्रीजमध्ये ठेवा' एवढंच सांगत आले. पण तुमचा माठ बरोबर आहे. जिनिव्हाचं विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत घरांमधलं तापमान मोजलं, ते 25 ते 37 अंशांच्या मधे खालीवर व्हायचं. मग प्रयोगशाळेत त्याच तापमानात इन्सुलिन ठेवून पाहिलं. चार आठवडे ते टिकलं. 2021 साली छापून आलं. आपल्याकडे 45 असतं, म्हणून माठ पाहिजेच. तो 37 च्या खाली ठेवत असेल तर उघडलेली शिशी महिनाभर चालते. उन्हात किंवा पत्र्याखाली मात्र ठेवायची नाही. आणि न उघडलेल्या शिशा साठवायच्या असतील तर फ्रीजच.

मिस्त्री : म्हणजे कोणीतरी आमच्यासारख्याच्या घरात जाऊन मोजलं, तर उत्तर निघालं.

डॉक्टरबाई : निघालं.

मिस्त्री : तर मंग आता तुमच्या घरातलं मोजू. उद्या सकाळी मी दवाखान्यात जातो. गोळी बदलून घेतो, तरास सांगतो, परांचीचं सांगतो. उद्याचा रोज द्याल का?

डॉक्टरबाई : उद्या? भिंत उघडी पडलीय हो.

मिस्त्री : भिंत उघडी आहे म्हणून तर विचारून राहिलो.

डॉक्टरबाई : असं बघा. मी दिला तर ते दान झालं. माझ्यासारखी एखादी देईल, दहाजण देणार नाहीत. मग चांगल्या मालकिणीकडे काम मिळालं तर बीपी जागेवर, नाही मिळालं तर वर. आरोग्य असं नशिबावर ठेवायचं का? याला नियम पाहिजे.

मिस्त्री : तुम्ही नोकरीत होत्या तेव्हा आजारी पडल्या की?

डॉक्टरबाई : सुट्टी होती. पगारी.

मिस्त्री : ते दान होतं?

डॉक्टरबाई : नाही. तो नियम होता.

मिस्त्री : मंग आमचा नियम येईपर्यंत आम्ही काय करायचं? बापासारखं?

डॉक्टरबाई : अर्धा रोज देते. सकाळी दवाखाना, दुपारी काम. पण केसपेपर दाखवायचा, त्यावर बीपीचा आकडा पाहिजे.

मिस्त्री : माह्यावर भरोसा नाही?

डॉक्टरबाई : पगारी सुट्टीला मलाही सर्टिफिकेट द्यावं लागायचं. नियम म्हणालात ना? नियमाला कागद लागतो.

मिस्त्री : बरं. कागद आणतो. पण एक आणखी. तुमचं मशीन ठिय्यावर आणा ना, सकाळी साडेसातले. आठ वाजेपर्यंत उभेच असतो आम्ही, रिकामे. तीस-चाळीस जणांचं मोजून होईन.

डॉक्टरबाई : मी आणीन. पण मी रोज येणार नाही, पावसात येणार नाही, मुलीकडे पुण्याला गेले की येणार नाही. पुन्हा तेच दान. हे महापालिकेच्या केंद्राने करायला हवं. नर्स, मशीन आणि गोळ्यांची पेटी, आठवड्यातून एक सकाळ. पत्र लिहू आपण. मी लिहिते, सही दोघांची.

मिस्त्री : माही सही कशाले?

डॉक्टरबाई : कारण माझं पत्र आलं तर ते म्हणतील, रिटायर झाल्या, वेळ जात नाही. सांगा, पहिली मागणी काय लिहू?

मिस्त्री : लिहा, ज्याचं बीपी अन् शुगर जागेवर आहे त्याले तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम. नावासहित पूर्ण पट्टी, कापून नाही.

डॉक्टरबाई : चांगलं. दुसरी?

मिस्त्री : ठिय्यावर मशीन, साडेसातले. तिसरी, केसपेपरवर काम काय करते ते लिहायचंच, कोरं सोडायचं नाही.

डॉक्टरबाई : चौथी मी लिहिते. तंबाखू, खर्रा सोडण्यासाठी ठिय्यावरच समुपदेशन.

मिस्त्री : ते सरकारले काहून लिहिता? ते माहं आहे. चारचे दोन करतो या आठवड्यात. ते आपल्यात राहू द्या.

डॉक्टरबाई : दोनचे शून्य कधी?

मिस्त्री : ते पुढच्या घरी. तुमचं काम बारा दिवसांचंच आहे. चौथी मागणी माही लिहा. दवाखान्याच्या दिवशी ज्याच्याकडे काम चालू आहे त्यानं अर्धा रोज द्यावा, असा नियम करा.

डॉक्टरबाई : हा नियम झाला तर नंदनवन लेआउटमधले अर्धे घरमालक माझ्याशी बोलणं सोडतील.

मिस्त्री : लिहिता का नाही?

डॉक्टरबाई : लिहिते. उद्या एक वाजता या, केसपेपर घेऊन.